चैत्रात मुंबईला येताय? मग बॅग अशी भरा

माझं माहेर दादरचं आणि सासर अकोल्याचं. त्यामुळे होळी जवळ आली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "वहिनी, पाडव्याला येतोय, चार दिवस राहू. कपडे कसले आणू?" कुणाला राणीची बाग बघायची असते, कुणाला सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायचं असतं, कुणाच्या मुलाची मुलाखत असते. मुंबईच्या माणसाला हा प्रश्न फार साधा वाटतो, म्हणून उत्तरही तसंच मिळतं: "सुती आण, बस्स." तेवढ्यावर भागत नाही, हे मला एका भाच्याचे हाल बघून कळलं.

तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहिल्यांदाच मुंबईला आला होता. बॅगेत दोन जीन्स, खेळाचे पाच टी-शर्ट आणि एक जाडजूड टर्किश टॉवेल. अकोल्यात तेव्हा पारा चाळिशीला टेकला होता आणि इथला आकडा होता ३३. "मामी, तुमच्याकडे तर गारच आहे की," असं म्हणून तो सकाळी फोर्टात फिरायला गेला. दुपारी तीनला परत आला तो पाय फाकवून चालत. जीन्स मांड्यांना चिकटली होती आणि आतून दोन्ही मांड्या सोलवटल्या होत्या. जीन्स धुऊन गॅलरीत टाकली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही कंबरपट्टी आणि खिसे ओलेच. उरलेले दोन दिवस पोरगं मामाच्या लेंग्यावर फिरलं.

तेव्हापासून मी पाहुण्यांना फोनवर सगळं नीट, क्रमाने सांगते. तेच इथे लिहिते आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत तीन-चार दिवसांसाठी येणाऱ्यांना हे पुरेल.

आधी हवा समजून घ्या

मुंबईत हवामान खात्याच्या दोन वेधशाळा आहेत, कुलाबा आणि सांताक्रूझ. बातम्यांमध्ये हीच दोन नावं येतात. फेब्रुवारीत सांताक्रूझला दुपारी साधारण ३१-३२ अंश आणि पहाटे १७-१८ अंश असतात. मार्चमध्ये दुपार ३३ च्या आसपास जाते आणि पहाट २१ ची होते. एप्रिलमध्ये दुपार जवळपास तेवढीच राहते, पण रात्र २४ च्या खाली फारशी उतरत नाही. म्हणजे दिवस फारसा तापत नाही आणि रात्रही फारशी निवत नाही. नाशिक-नगरकडच्या लोकांना सकाळी स्वेटर आणि दुपारी बनियन अशी सवय असते. मार्च-एप्रिलच्या मुंबईत त्या स्वेटरला काम नाही.

मग ३३ अंश एवढे का जाचतात? विदर्भात, मराठवाड्यात हवा कोरडी. घाम आला की लगेच उडून जातो आणि जाताना अंग गार करतो. मुंबईची हवा समुद्रामुळे आधीच ओली, त्यात घाम उडायला जागा कमी. तो अंगावरच राहतो, कपड्यात उतरतो आणि कपडा अंगाला चिकटतो. म्हणून इथले कपडे निवडायचे ते घामाच्या हिशेबाने. उन्हाचा नंबर दुसरा.

येण्याच्या दोन दिवस आधी मोबाइलवर हवामान बघाल, तेव्हा तापमानाच्या जोडीने दोन गोष्टी नक्की बघा. एक आर्द्रता आणि दुसरी वाऱ्याची दिशा. दुपारच्या सुमारास समुद्राकडून खारे वारे आत येतात आणि शहराला जरा दम मिळतो. ज्या दिवशी पूर्वेकडचे जमिनीवरचे वारे जोर धरतात, त्या दिवशी खारे वारे उशिरा पोहोचतात आणि पारा एकदम चढतो. मार्चमध्ये असे दोन-चार दिवस बहुतेक वर्षी येतात. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली होती, हे ऐकून आमचे अकोलेकर पाहुणेही गप्प होतात. किनाऱ्यावरच्या ठिकाणी पारा ३७ किंवा त्यावर गेला आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असला, तर हवामान खातं ती उष्णतेची लाट धरतं. मैदानी भागात तीच मर्यादा ४० ची आहे. अंदाजात अशी लाट दिसली तर बॅगेत एक पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा वाढवा आणि बारा ते चार बाहेर पडायचे बेत बदला.

पावसाचं काय? मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. मार्च-एप्रिलमध्ये क्वचित अवकाळी शिंतोडे पडतात, तेवढ्यासाठी रेनकोट वाहून आणू नका. घडीची छत्री मात्र आणा, उन्हासाठी. दुपारी ओव्हल मैदानाच्या कडेने किंवा गेटवेच्या फरशीवर चालताना ती टोपीपेक्षा जास्त कामाची. तिच्याखाली डोक्याबरोबर खांदेही सावलीत राहतात.

कापडाची परीक्षा घरीच घ्या

बॅग भरायच्या आदल्या आठवड्यात हे एवढं कराच. जे कपडे आणायचा विचार आहे त्यातला एकेक रात्री पाण्यात बुडवा, पिळा आणि पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर टाका. सकाळी उठल्यावर काखेची शिवण, कॉलर आणि खिसा हाताने चाचपून बघा. तुमच्याकडच्या कोरड्या हवेत जे सकाळपर्यंत पूर्ण वाळलं नाही, ते मुंबईत दीड दिवस वाळणार नाही. ते घरी ठेवा.

या परीक्षेत मलमल, पातळ खादी, पॉपलिनचा सदरा आणि साधा होजिअरी टी-शर्ट पास होतात. लिननही चांगलं, पण ते चुरगळतं आणि चार दिवसांत इस्त्रीला वेळ मिळत नाही. सुती म्हटलं म्हणजे सगळं चाललं असंही समजू नका. जाड सुती ड्रिलची पँट आणि डेनिम दोन्ही सुतीच असतात, तरी दोन्ही नापास. स्त्रियांच्या कुर्त्याला आतून अस्तर असेल तर तो बाजूला ठेवा. बाहेरचं कापड कितीही पातळ असो, सिंथेटिक अस्तर पाठीला असं चिकटतं की बसून उठताना सोडवून घ्यावं लागतं. रेयॉनचे कुर्ते अंगाला मऊ आणि गार लागतात, म्हणून पुष्कळजणी तेच आणतात. पण पाणी प्यायल्यावर ते जड होऊन लोंबतात आणि उशिरा वाळतात. एक आणा, चार नको.

खेळाच्या टी-शर्टबद्दल दोन मतं आहेत. ते लवकर वाळतात हे खरं. पण त्यांच्या धाग्यात घामाचा वास फार लवकर बसतो आणि संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये आपला हात वरच्या कडीला असतो, शेजारच्याचं नाक आपल्या काखेशी. सकाळी मरीन ड्राइव्हला पळायचं असेल तर एक आणा. दिवसभरासाठी सुतीच बरं.

रंगाचाही विचार करा. फिका राखाडी, फिका निळा आणि खाकी हे तीन रंग घामाचा प्रत्येक डाग दाखवतात. पाठीवर, काखेत, अगदी पोटाच्या वळीवरसुद्धा. काळ्या-गडद सदऱ्यावर घाम वाळला की मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटतात, मिठागरात उमटतात तशाच. पांढरे आणि बारीक छपाईचे कपडे हे दोन्ही झाकतात. माझी आई आयुष्यभर बारीक फुलांच्या साड्या नेसली आणि दिवसभर बाहेर राहूनही ताजी दिसायची. त्यामागे हा हिशेब होता, हे मला फार उशिरा उमगलं.

किती आणायचे ते आंघोळींवरून ठरवा

दिवस मोजून कपडे भरायची सवय इथे सोडा. मुंबईत पाहुणा सकाळी आंघोळ करून निघतो आणि संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा करतो. कराच, त्याशिवाय झोप लागत नाही. म्हणजे चार दिवसांच्या आठ आंघोळी. पण आठ जोड आणायचे नाहीत, कारण संध्याकाळची आंघोळ झाली की तिथेच दिवसाचा कपडा धुऊन टाकायचा असतो.

चार दिवसांसाठी माझा हिशेब असा. अंगातले सदरे किंवा कुर्ते चार, खालचे कपडे दोन, रात्रीचा सैल जोड एक. प्रवासात अंगावर असेल तो यातलाच धरायचा. आतले कपडे मात्र सढळ हाताने घ्या, दिवसाला दोन असा हिशेब ठेवून वर दोन जास्त. हे लिहायला संकोच वाटू नये, कारण बहुतेकांचा त्रास इथूनच सुरू होतो. घट्ट, सिंथेटिक, लेसचे आतले कपडे दमट हवेत दिवसभर घातले की जांघेत आणि छातीखाली घामोळं उठतं, पुरळ येतं आणि सगळ्या सहलीवर विरजण पडतं. साधे, सुती, जरा सैल आणि जुने कपडे आणा. नवा कपडा अंगाशी रुळलेला नसतो. ज्यांच्या मांड्या चालताना घासतात त्यांनी, बाई असो वा बुवा, आतून गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी पातळ सुती चड्डी घालावी. भाचा आता तेच करतो.

पुरुषांनी सदऱ्याखाली बनियन घालावं का, असं नेहमी विचारतात. मी म्हणते घालावं, बिनबाह्यांचं आणि पातळ. ते घाम पितं, सदरा पाठीला चिकटत नाही आणि तोच सदरा संध्याकाळी जरा वाऱ्यावर टाकला तर दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस निघतो.

खालच्या कपड्यांत सैल सुती पँट, सलवार किंवा पायघोळ नसलेला पलाझो चालतो. पलाझोचा घेर जमिनीला टेकत असेल तर स्टेशनच्या जिन्यावर मागचा माणूस त्यावर पाय देणारच. घोट्याच्या वर दोन बोटं असू द्या. लेगिंग्ज अंगाला घट्ट बसतात आणि त्यात सिंथेटिक धागा असतो, त्यामुळे दुपारी पोटऱ्या चरचरतात.

टॉवेलच्या जागी पंचा आणा. घरात पंचा नसेल तर बाजारातून आणा. दोन पंचे एका टर्किश टॉवेलच्या निम्म्या जागेत बसतात, दोन तासांत वाळतात आणि उन्हात डोक्यावर घ्यायलाही होतात. रुमाल दिवसाला दोन, मोठे आणि सुती. एक तोंड पुसायला आणि एक मानेवर टाकायला.

ज्येष्ठांना नेहमीची वस्त्रंच सोयीची. सुती पाचवारी किंवा धोतर या हवेसाठीच आहे, त्यांना प्रवासापुरतं दुसरं काही घालायला लावू नका. लहान मुलांचे कपडे माझ्या हिशेबाच्या दुप्पट धरा.

पायांत काय घालायचं

मुंबईत माणूस किती चालतो याची बाहेरून येणाऱ्याला कल्पना नसते. "स्टेशनपासून पाच मिनिटं" म्हणजे आधी पुलाचे दोन जिने, मग गर्दीतून वाट, आणि मग ती पाच मिनिटं. म्हणून सगळ्या बॅगेत पायातल्या जोडावर मी सर्वांत जास्त विचार करायला सांगते.

नुसती चप्पल लोकलसाठी वाईट. गर्दीत मागच्याचा पाय तिच्यावर पडतो, आपण पुढे ओढले जातो आणि चप्पल मागे राहते. दादरला चढताना माझ्या जावेची एक चप्पल फलाट आणि डब्याच्या फटीतून खाली रुळांवर गेली. उरलेल्या एका चपलेवर ती कुर्ल्यापर्यंत आली. मागून पट्टा असलेली, पुढून बोटं झाकणारी सँडल सर्वांत उत्तम. बोटं झाकलेली असावीत, कारण उतरताना कुणाचा ना कुणाचा बूट पायावर येतोच. बूट घालायचे तर जाळीच्या कापडाचे, पातळ सुती मोज्यांसह, आणि मोज्यांचे जोड चार. कातडी बूट चार दिवसांत घामाने आतून ओले राहतात. कोल्हापुरी मला स्वतःला फार आवडते, पण तिचं कातडं घाम पितं आणि गुळगुळीत फरशीवर ती सरकते. संध्याकाळी नाटकाला जायचं असेल तर तेवढ्यापुरती आणा.

कुठलाही जोड असो, तो निदान पंधरा दिवस वापरलेला हवा. नवीन बूट घालून कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या चढू नका. टाचेला लावायला चिकटपट्टी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा.

कुठे जाणार त्याप्रमाणे एखादी वस्तू वाढवा

मुख्य जोड ठरले की कार्यक्रमांवर नजर टाका आणि प्रत्येकासाठी फार तर एकेक वस्तू घाला.

पाडव्याला येत असाल तर गिरगावची शोभायात्रा बघायची इच्छा असणारच. फडके गणपती मंदिरापासून ती निघते, सकाळी लवकर पोहोचावं लागतं आणि दुपारपर्यंत उन्हात उभं राहावं लागतं. नऊवारी नेसून सामील व्हायचं असेल तर सुती नऊवारी आणा. मी एका वर्षी हौसेने पैठणी नेसले. तिच्या काठाला घामाचे डाग पडले ते ड्राय क्लीनिंगनंतरही राहिले. रेशमाला मुंबईच्या दुपारी बाहेर काढू नये, असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे. लग्नकार्य असेल तर रेशमी वस्त्र वेगळ्या सुती पिशवीत आणा आणि हॉलवर पोहोचल्यावरच नेसा. बरोबर डझनभर पिना हव्यातच.

धुळवडीच्या दिवशी प्रवास असेल तर टाकून द्यायला हरकत नाही असा जुना जोड अंगावर असू द्या आणि कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. केसांना तेल लावून निघा, रंग लवकर सुटतो.

सिद्धिविनायक मंदिरात २०२५ च्या सुरुवातीपासून वस्त्रसंहिता आहे. तोकडे कपडे आणि फाटक्या धाटणीच्या जीन्स चालत नाहीत. सुती कुर्ता आणि पूर्ण लांबीची पँट किंवा सलवार घालून गेलात तर काही प्रश्न नाही. हाजी अलीला जाणार असाल तर डोकं झाकायला ओढणी किंवा मोठा रुमाल जवळ ठेवा. भरतीच्या वेळी तिथली वाट पाण्याखाली जाते, त्यामुळे वेळ बघूनच जा आणि लगेच वाळेल असंच काही पायात घाला.

घारापुरीला गेटवेपासून लाँचने सुमारे तासभर लागतो. वरच्या डेकवर वारा छान लागतो, म्हणून ऊन कळत नाही आणि मान-हात भाजून निघतात. इथे पूर्ण बाह्यांचा सैल पांढरा सदरा हवा. टोपीला दोरी हवी, नाहीतर ती खाडीत जाते. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सोमवारी लेणी बंद असतात, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद असतं. ऐरोलीला ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला जायचं तर होडीत सावलीची आशा धरू नका. कपडे मातकट किंवा फिक्या हिरव्या रंगाचे असू द्या, लाल-पिवळे भडक नकोत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ठाण्याकडून गाडीने येत असाल, तर विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला गुलाबी टॅबेबुया फुललेला असतो. याचा कपड्यांशी संबंध नाही, पण खिडकीची जागा धरा.

आता थंडीबद्दल. मुंबईत थंडी वाजते ती आत, बाहेर नाही. एसी लोकल, जमिनीखालून आरे ते कफ परेड धावणारी मेट्रो ३, नाट्यगृहं, मॉल या सगळ्या ठिकाणी माणूस घामाने भिजलेला सदरा घालून शिरतो आणि दहा मिनिटांत पाठ गार पडते. यासाठी स्वेटर नको. एक पातळ पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घडी करून रोजच्या पिशवीत ठेवा, बायकांना मोठी सुती ओढणी पुरते. आत शिरण्याआधी पंच्याने पाठ-मान कोरडी करून घ्या. शिवाजी मंदिरात तीन तासांचं नाटक बघताना या एका ओढणीने मला कितीदा सांभाळलं आहे.

बॅग

चाकांची मोठी बॅग बघायला सोपी वाटते. पण दादरच्या पुलाचा जिना, लोकलच्या डब्याचं दार, जुन्या इमारतीचा चौथा मजला, या तीन ठिकाणी तिची चाकं निरुपयोगी ठरतात. पाठीवरची बॅग आणा आणि भरल्यावर घरच्या जिन्यावरून ती घेऊन दोनदा चढ-उतार करा. दम लागला तर दोन वस्तू बाहेर काढा. मी तर म्हणते, एका हाताने उचलून डोक्यावरच्या फळीवर ठेवता येईल एवढंच वजन हवं, कारण लोकलमध्ये तेच करायचं असतं. गर्दीत बॅग पाठीवरून काढून पोटाशी घ्यायची, ही इथली रीतच आहे. तुमच्या पाठीवरची बॅग मागच्याच्या तोंडावर येते.

भरताना कपड्यांच्या घट्ट गुंडाळ्या करा, दिवसागणिक एक. सदरा पसरायचा, त्यावर त्या दिवसाचे आतले कपडे आणि रुमाल ठेवायचे आणि खालून वर गुंडाळायचं. रोज सकाळी एकच गुंडाळी बाहेर काढायची, बॅग विस्कटत नाही. ओल्या कपड्यांसाठी दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या वेगळ्या घ्या. साबणाच्या वडीचा अर्धा तुकडा, चार चिमटे आणि पाच-सहा हात सुतळी किंवा नायलॉनची दोरी विसरू नका. छोट्या लॉजमध्ये दोरी कधीच नसते.

ट्रेन पहाटे पोहोचत असेल आणि खोली दुपारी मिळणार असेल, तर मोठ्या स्टेशनांवरच्या क्लोक रूममध्ये बॅग ठेवता येते. त्यासाठी बॅगेला कुलूप लागतं, ते घरून आणा. बॅग घेऊन लोकल पकडायचीच असेल तर सकाळी आठ ते अकरा चर्चगेट-सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलट दिशेने जाऊ नका. पहिल्यांदा येणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

लोकलसाठी अंगावरच्या कपड्यांकडेही एकदा बघा. ओढणी दोन्ही टोकांनी कमरेशी गाठ मारून घ्या, पदर खोचून घ्या. लोंबते कानातले काढून ठेवा. पैसे आणि फोन चेनच्या खिशात, आणि तो खिसा पुढच्या बाजूला.

मुक्कामी आल्यावर

परत आल्यावर बसू नका. बसलात की कपडे धुवायचे राहतात. आंघोळीलाच दिवसाचा सदरा साबणाने चोळून काढा, आधी कॉलर आणि काख. पिळला की कोरडा पंचा जमिनीवर पसरा, त्यावर सदरा ठेवा, दोन्हीची मिळून घट्ट गुंडाळी करा आणि त्या गुंडाळीवर गुडघा टेकवून दाबा. पंचा पाणी ओढून घेतो आणि सदरा निम्मा वाळूनच बाहेर येतो. मग पंख्याखाली दोरीवर, बाह्या पसरून, कॉलर उभी करून टाकायचा. बंद बाथरूममध्ये कधीही वाळत घालू नका. तिथे सकाळपर्यंत कुबट वास धरतो आणि तो वास इस्त्रीनेही जात नाही.

एवढं करून काही विसरलंच, तर काळजी करू नका. दादर पश्चिमेला स्टेशनबाहेर पडलात की रानडे रोडपर्यंत सुती कुर्ते, गाऊन, रुमाल, पंचे सगळं मिळतं. साडी किंवा कापड घ्यायचं असेल तर दादरलाच हिंदमाताचा बाजार आहे. म्हणूनच बॅगेत वरची चार बोटं जागा रिकामी ठेवायला सांगते. घरी गेल्यावर इथलं काहीतरी हातात हवंच.

परतीच्या दिवसासाठी एक धुतलेला, पूर्ण वाळलेला जोड पहिल्या दिवसापासून वेगळा काढून ठेवा आणि काही झालं तरी त्याला हात लावू नका. शेवटच्या संध्याकाळी आंघोळ करून तो घालायचा, ओले राहिलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बॅगेत सर्वांत वर ठेवायचे. गाडी कसारा घाट चढून इगतपुरीला लागली की हवा कोरडी होते. सकाळी अकोल्याला उतरून ते दोरीवर टाकलेत, तर चहा होईपर्यंत वाळलेले असतात.